सर्वांना सारखा नियम म्हणजे न्याय काय?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मोटारींच्या शर्यतीचे एकही मैदान नाही. तरीही कर्जत स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, खोपोलीच्या कारखान्यांच्या फाटकाशी अथवा मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात क्षणभर कान दिला, तर क्रिकेटच्या जोडीने फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीची चर्चा अलीकडे ऐकू येते. बोलणारे आयटीआयमध्ये शिकणारे असतात, कंत्राटी कामगार असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. हॅमिल्टनवर अन्याय झाला की व्हर्स्टॅपन खरोखरच श्रेष्ठ, एकच संघ वर्षानुवर्षे जिंकत राहिला तर त्यास शर्यत म्हणावे काय, जिंकणाऱ्याचे पाय नियमांनी बांधणे योग्य काय, असे हे वाद असतात आणि ते हिरिरीने घातले जातात.

आपल्या कार्यकर्त्यांची यावरची पहिली प्रतिक्रिया तुच्छतेची असते. अब्जाधीशांचा हा खेळ. पेट्रोल जाळून काही मोटारी वर्तुळात फिरतात. त्याच्याशी भातशेतीत आणि कारखान्यात राबणाऱ्यांच्या पोरांचा काय संबंध? ही प्रतिक्रिया समजण्याजोगी आहे, पण ती उपयोगाची नाही. ही मुले ज्याविषयी भांडत आहेत तो विषय मोटार नसून न्याय हा आहे. स्पर्धा न्याय्य केव्हा ठरते, वर्चस्व कमावलेले कोणते व लादलेले कोणते, हा अर्थशास्त्रातील आणि समाजवादातीलही मूलभूत प्रश्न आहे. आपल्या सभेला न येणारा तरुण तो प्रश्न चहा पिता पिता स्वतःहून विचारत असेल, तर त्याच्याकडे पाठ फिरविण्यात शहाणपणा नाही.

शिवाय शर्यतीतला न्याय-अन्याय हा विषय या भागाला नवा नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मुक्या जनावरांच्या छळाचा प्रश्न स्वतंत्र व गंभीर आहे. तो येथे बाजूला ठेवू. पण ज्याने रायगडातील बिनजोड शर्यत पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की, निकालानंतरचे भांडण तीन गोष्टींवरून होते. निकाल देणाऱ्याने डोळे झाकले काय? ज्यांची गाठ घालून दिली त्या जोड्या बरोबरीच्या होत्या काय? आणि लाखांचा बैल व त्याचा खुराक ज्याला परवडत नाही त्याने शर्यतीत उतरावे तरी कसे? हेच तीन प्रश्न मोटारशर्यतीलाही लागू पडतात. पंच, साधने आणि प्रवेशद्वार या तीन पायऱ्यांनी त्यांचा विचार करू.

पंच

तरुणांच्या वादात सर्वांत जास्त वेळ पहिल्या पायरीवर जातो. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबी येथे मोसमाची अखेरची शर्यत झाली, तेव्हा हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांचे गुण समसमान होते. हॅमिल्टन आघाडीवर असताना शेवटच्या काही फेऱ्यांत एका मोटारीला अपघात झाला आणि सर्व मोटारींना संथ गतीने एका सुरक्षा मोटारीमागून चालावे लागले. दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच मोटारी होत्या. शर्यत-संचालकाने तेवढ्याच पाच मोटारींना पुढे निघून जाण्यास सांगितले, मागे पडलेल्या इतर मोटारींना सांगितले नाही. आणि अखेरच्या एका फेरीसाठी शर्यत पुन्हा मोकळी केली. नवी चाके लावलेला व्हर्स्टॅपन त्या एका फेरीत पुढे गेला व जगज्जेता झाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या संचालकास पदावरून दूर करण्यात आले आणि मार्चमधील चौकशी अहवालात ही मानवी चूक ठरली. निकाल मात्र कायम राहिला.

या प्रकरणातील लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, त्या काळात संघांचे प्रमुख शर्यत चालू असताना थेट संचालकाशी बिनतारी यंत्रावरून बोलत, त्याला आर्जव करीत आणि दमही भरीत. ही पद्धत नंतर बंद करण्यात आली. म्हणजे नियम कागदावर कितीही तटस्थ असला तरी त्याचा अर्थ लावणारा मनुष्य असतो, आणि त्याच्या कानापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो यावर बरेच काही अवलंबून असते. तहसील कचेरीच्या बाकावर दिवसभर बसून परतणाऱ्या ठाकर शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. साहेबांच्या दालनाचे दार कोणासाठी लगेच उघडते, हे तो नित्य पाहतो.

साधने

पण पंच निःपक्षपाती झाला म्हणजे न्याय झाला काय? येथे दुसरी पायरी येते. १९८८ साली मॅक्लारेन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. २००४ साली फेरारीने १८ पैकी १५ जिंकल्या. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मर्सिडीजकडे राहिले. २०२३ साली रेड बुल संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या व त्यांतील १९ एकट्या व्हर्स्टॅपनने. संघ बदलले, चालक बदलले, देश बदलले. वर्चस्वाची तऱ्हा तीच राहिली. तेव्हा तिचे कारण एखाद्या व्यक्तीच्या असामान्य गुणांत शोधून भागणार नाही. जिंकणाऱ्याकडे बक्षिसाचा मोठा वाटा जातो, जाहिरातदार त्याच्याकडे धावतात, उत्तम अभियंते त्याच्याकडे नोकरी मागतात आणि त्यामुळे तो पुन्हा जिंकतो. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी देशांच्या व प्रदेशांच्या विषमतेविषयी १९५७ साली हाच संचयी कार्यकारणभाव मांडला होता. मुक्त स्पर्धा आपोआप समतोलाकडे जाते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य. प्रत्यक्षात ती स्वतःच्या बळावर मक्तेदारीकडे जाते.

आता गंमत पाहा. हे सत्य कोणी मान्य केले? ज्या खेळात मोठ्या मोटार कंपन्या आणि अब्जाधीश मालक उतरतात, त्या खेळाच्या चालकांनीच! २०२१ पासून प्रत्येक संघाच्या वार्षिक खर्चावर १४.५ कोटी डॉलरांची मर्यादा घालण्यात आली. तिच्यात पळवाटा ठेवल्या गेल्या हे खरे. चालकांचे पगार आणि सर्वाधिक वेतन घेणाऱ्या तिघांचे वेतन तीत मोजले जात नाही. पहिल्याच वर्षी रेड बुलने ती ओलांडल्याचे निष्पन्न झाले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या संघास ७० लक्ष डॉलर दंड व हवेच्या चाचण्यांत दहा टक्के कपात अशी शिक्षा झाली. तरीही तत्त्व मान्य झाले: पैशाला लगाम हवा.

याहून महत्त्वाची तरतूद दुसरी आहे. मोटारीभोवती हवा कशी वाहते यावर तिचा वेग ठरतो आणि त्याच्या चाचण्या वाऱ्याच्या मोठ्या बोगद्यात व संगणकावर घेतात. २०२२ साली अमलात आलेल्या प्रमाणानुसार पायाभूत चाचण्या १०० धरल्या, तर पहिल्या क्रमांकाच्या संघाला ७० मिळतात, दुसऱ्याला ७५, तिसऱ्याला ८०, अशा चढत्या क्रमाने दहाव्याला ११५. जो पुढे आहे त्याला कमी, जो मागे आहे त्याला अधिक. डॉ. राममनोहर लोहियांनी मागासलेल्यांसाठी विशेष संधीचा आग्रह धरला, तेव्हा गुणवत्तेचा गळा घोटला जाईल अशी ओरड झाली होती. आज जगातील अतिश्रीमंतांच्या खेळात विशेष संधी हा लिखित नियम आहे, आणि तेथे गुणवत्तेच्या नावाने फारसे कोणी अश्रू ढाळीत नाही.

त्यांना उपरती झाली असे समजण्याचे कारण नाही. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६४ साली दाखवून दिले की, व्यावसायिक खेळाची गोष्ट इतर धंद्यांहून वेगळी आहे. प्रतिस्पर्धी बुडाला तर दुकानदाराचा फायदा होतो. परंतु मुष्टियोद्धा जो लुई यास तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही, तर त्याची लढत पाहण्यास तिकीट काढणार कोण? निकाल आधीच ठाऊक असलेली शर्यत विकली जात नाही. २०१७ पासून या खेळाचा व्यापार लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीच्या हाती आहे आणि तिला प्रेक्षक हवे आहेत. समता येथे न्यायासाठी आली नाही, ती विक्रीसाठी आली. तरी तिच्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली: मुक्त स्पर्धेने मुक्त स्पर्धा टिकत नाही, हे मुक्त स्पर्धेचे पुजारीही जाणतात.

येथे वादातील दुसऱ्या बाजूचा आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ती बाजू म्हणते की, खर्चाची मर्यादा २०२१ ला आली आणि एकतर्फी वर्चस्वाचा कळस २०२३ ला झाला. मग या नियमांनी साधले काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्याच्याच पोटात सर्वांत मोठा धडा आहे. आजपासून सर्वांनी सारखाच खर्च करावयाचा असे ठरले, म्हणून काल केलेला खर्च पुसला जात नाही. बांधून झालेले बोगदे, घडविलेले अभियंते, साठविलेले ज्ञान हे सारे ज्याच्याकडे आहे, तो आजच्या समान रेषेवर उभा दिसला तरी प्रत्यक्षात कित्येक मैल पुढे असतो. २०२४ साली चार संघांच्या सात चालकांनी शर्यती जिंकल्या आणि १९९८ नंतर प्रथमच संघांचे विजेतेपद मॅक्लारेनकडे आले. २०२५ साली लँडो नॉरिस अवघ्या दोन गुणांच्या फरकाने जगज्जेता झाला. चुरस वाढली हे निश्चित. पण २०२२ ते २०२५ या चार वर्षांतील प्रत्येक शर्यत रेड बुल, फेरारी, मर्सिडीज व मॅक्लारेन या चारच संघांपैकी कोणीतरी जिंकली, हेही तितकेच खरे. जुना संचय इतका चिवट असतो. म्हणून ७० आणि ११५ हे प्रमाण म्हणजे दयेचे दान नव्हे. कालच्या संचयाचा आज केलेला तो हिशेब आहे.

प्रवेशद्वार

तिसऱ्या पायरीविषयी टपरीवर क्वचितच कोणी बोलतो. शर्यतीत उतरू कोणाला देतात? २०२० च्या करारानुसार नव्या संघाने आत येण्यासाठी २० कोटी डॉलर जुन्या संघांना वाटून द्यावयाचे होते, म्हणजे त्यांच्या मिळकतीत वाटेकरी वाढल्याची भरपाई! अँड्रेटी या अमेरिकन संघाचा प्रस्ताव जानेवारी २०२४ मध्ये नाकारण्यात आला. जनरल मोटर्ससारखी बलाढ्य कंपनी कॅडिलॅकच्या नावाने उभी राहिली तेव्हा २०२६ साठी अकराव्या संघास दार उघडले. आतल्यांमध्ये समता आणि बाहेरच्यांना कुलूप, असा हा कारभार आहे. जुन्या काळच्या व्यापारी श्रेणींचा कारभार याहून फारसा वेगळा नसावा.

कोणी म्हणेल, सर्वांना एकसारखी मोटार द्या म्हणजे प्रश्न मिटेल. तोही प्रयोग झालेला आहे. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरील फॉर्म्युला टू या स्पर्धेत सर्वांची मोटार व इंजिन एकाच बनावटीचे असते. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० ते २०२३ या काळात तेथे शर्यती जिंकून दाखविल्या; फॉर्म्युला वनमध्ये त्यास जागा मिळाली नाही. मोटार सारखी असली तरी तिच्यात बसण्यासाठी एका मोसमाला कोट्यवधी रुपये उभे करावे लागतात, आणि तत्पूर्वी बालवयापासून सरावावर खर्च करावा लागतो तो वेगळाच. श्रमिक घरातून वर आलेला लुईस हॅमिल्टन हा अपवाद आहे. वडील एकाहून अधिक कामे करीत आणि १९९८ पासून मॅक्लारेनने त्याचा भार उचलला म्हणून तो आत आला. अपवादाकडे बोट दाखवून दार उघडे असल्याचे सांगणे ही जुनी लबाडी आहे.

आपल्या देशाने या खेळाचा अनुभव घेतला तोही बोलका आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथे शर्यत झाली आणि तिन्ही वेळा रेड बुलचा सेबॅस्टियन व्हेट्टेलच जिंकला. पहिल्या शर्यतीच्या काही महिने आधी, मे २०११ मध्ये, त्याच परिसरातील भट्टा-परसौल येथे यमुना द्रुतगती मार्गासाठीच्या भूसंपादनावरून शेतकऱ्यांचे आंदोलन रक्तरंजित झाले होते. शर्यत गेली, शर्यतीचे मैदान बांधणारा समूह कर्जात बुडाला. विजय मल्ल्यांच्या किंगफिशर विमान कंपनीतील कर्मचारी २०१२ मध्ये थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर उतरले होते, त्याच वर्षी त्यांच्या फोर्स इंडिया संघाच्या मोटारी जगभर धावत होत्या. या शर्यतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विजेत्यांच्या यादीत सापडत नाही.

आपल्या दारातील शर्यत

आता या तीन पायऱ्या घेऊन आपल्या तालुक्यांत परत येऊ. वैद्यकीय प्रवेशाची अथवा सरकारी नोकरीची प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते. ती एकसारख्या मोटारीसारखी आहे. कर्जतच्या डोंगरातील वाडीवरून आश्रमशाळेत आलेली कातकरी मुलगी आणि मुंबईत लाखांची शिकवणी लावलेला मुलगा तीच पत्रिका सोडवितात, आणि निकालाला आपण गुणवत्ता म्हणतो. जमिनीच्या खरेदीखतावर शेतकऱ्याची व शहरातून फार्महाऊससाठी आलेल्या धनिकाची सही सारख्याच शाईने होते. एकाला लग्न, आजार आणि कर्ज पाठीमागून ढकलीत असते, दुसऱ्याला कसलीच घाई नसते. खालापूर तालुक्यातून देशातील एक मोठा द्रुतगती मार्ग जातो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना डोंगर चढून पायी जावे लागले, कारण वाडीला रस्ताच नव्हता. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता ठरली. वेगाची साधने कोणाच्या दारापर्यंत पोहोचतात याचे याहून दुःखद उदाहरण सांगता येणार नाही.

या मातीला नियम बदलण्याची परंपराही आहे. माथेरानच्या भाई कोतवालांनी गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या धान्यकर्जातून सोडविण्यासाठी धान्यपेढ्या उभारल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. उपाशी शेतकरी व भरलेल्या कोठारांचा सावकार यांच्यातील करार स्वेच्छेचा असतो, हे म्हणणे त्यांनी मानले नाही. पुढे १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक होण्याची वाट दिली. तीही ७० आणि ११५ चीच रीत होती. पुढच्याचे थोडे कमी करून मागच्याला जागा करून देण्याची.

म्हणून कार्यकर्त्यांना सुचवावयाचे ते असे. या तरुणांना खेळ सोडावयास सांगू नका. त्यांच्यात बसा आणि विचारा: पंचाच्या कानाशी कोण होते? कोणाच्या हाती काय साधन होते? दाराबाहेर कोण राहिले? दहाव्या क्रमांकाच्या संघाला अधिक चाचण्या मिळाव्यात हे ज्याला रास्त वाटते, त्याला मग विचारा की आदिवासी मुलीच्या राखीव जागेवर तुझा आक्षेप कोणत्या तर्काने? त्याच्या खेळातल्या न्यायबुद्धीला त्याच्या गावापर्यंत आणणे एवढेच काम आहे.

आणि एक गोष्ट त्याच्या गळी उतरवावी लागेल, ती या खेळातून शिकता येत नाही. शर्यतीत कोणीतरी शेवटचा येणारच. त्यात अन्याय नाही, कारण शेवटचा आलेला चालकही घरी जाऊन पोटभर जेवतो. शिक्षण, औषध, पाणी आणि डोक्यावरचे सुरक्षित छप्पर ही बक्षिसे नव्हेत. तेथे शर्यत न्याय्य करून भागत नाही. तेथे शर्यतच नको.